वाचकांचे प्रश्न : आलेखातली लाट कोणाच्या घड्याळावर चालते?

नदी आणि खाडीच्या पाण्यात बसवलेल्या यंत्रांच्या नोंदी वर्गात कशा वाचून घ्याव्यात, याबद्दल शिक्षकांची बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

नववीच्या वर्गात विरघळलेल्या ऑक्सिजनचा वर्षभराचा आलेख दाखवला, की रेघ खाली गेली तिथे मुलं एका सुरात 'प्रदूषण' म्हणतात आणि चर्चा तिथेच संपते. सुरुवात कशी करावी?

पहिली पंधरा मिनिटं 'का' हा शब्द वर्गात येऊ देऊ नका. आलेख कोऱ्या कागदाने झाका आणि तुकड्यातुकड्याने उघडा. आधी फक्त आडवा अक्ष : किती काळ, आणि दोन नोंदींत अंतर किती? मग उभा अक्ष : काय मोजलंय, एकक कोणतं, सुरुवात शून्यापासून आहे की मधूनच? हे दोन्ही वहीत उतरल्यावरच रेघ उघडा. रेघ दिसली की मुलांचं अक्षांकडे लक्ष राहत नाही, म्हणून हा क्रम.

त्यानंतर दोन रकाने करायला लावा : 'दिसतंय काय' आणि 'अर्थ काय'. अमेरिकेतल्या बीएससीएस या विज्ञानशिक्षण संस्थेने रुजवलेली ही पद्धत आहे. पहिल्या रकान्यातल्या वाक्याला एक अट घाला : आकडा, एकक आणि वेळ, तिन्ही हवीत. 'ऑक्सिजन कमी झाला' हे वाक्य परत पाठवायचं. 'थंडीत ९ मिलिग्रॅम प्रति लिटर होता, उन्हाळ्यात ७.४ झाला' हे चालेल. अशी चारपाच वाक्यं झाली की मगच दुसरा रकाना.

आता ती खाली गेलेली रेघ. गोडं पाणी हवेच्या संपर्कात राहून जास्तीत जास्त किती ऑक्सिजन धरू शकतं, हे तापमानावर ठरतं. समुद्रसपाटीच्या दाबाला २० अंश सेल्सिअसला सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्रति लिटर, ३० अंशांना सुमारे ७.६. म्हणजे पाण्यात कोणी काहीही न टाकता निव्वळ उन्हाळ्याने दीड मिलिग्रॅम उतरू शकतो. क्षार वाढले की ही क्षमता आणखी घटते. ३० अंशांचं, २० क्षारतेचं (म्हणजे किलोभर पाण्यात सुमारे २० ग्रॅम क्षार असलेलं) मचूळ पाणी जेमतेम ६.८ धरतं. तेव्हा मुलांना त्याच नोंदींचा दुसरा आलेख काढायला लावा : संपृक्ततेची टक्केवारी. मोजलेला आकडा भागिले त्या तापमानाची आणि क्षारतेची कमाल, गुणिले शंभर. ही रेघ वर्षभर नव्वदच्या आसपास सपाट राहिली, तर पहिल्या आलेखातला उतार ऋतूचा होता. ती चाळीसवर आली, तर मात्र पाण्यात ऑक्सिजन खाणारं काहीतरी आहे, आणि 'प्रदूषण' हा शब्द तपासायला घेण्याजोगा होतो. टक्केवारी शंभरच्या वर गेली तर मुलं आकडा चुकला म्हणतील. तसं नाही. भर दुपारी शेवाळ आणि पाणवनस्पती इतका ऑक्सिजन सोडतात की १२०-१३० टक्के दिसणं नवलाचं नसतं. उलट त्याच पाण्याची पहाटेची नोंद आवर्जून बघावी.

खाडीच्या एका आठवड्याच्या आलेखात पाणीपातळी, क्षारता, गढूळपणा आणि तापमान अशा चार रेघा एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मुलं गोंधळतात, आणि खरं सांगायचं तर मीही. कुठून हात घालू?

आधी गुंता सोडवा. चार रेघांचे चार वेगळे पट्टे करा आणि एकाखाली एक मांडा, आडवा अक्ष सगळ्यांना एकच. मग प्रत्येक पट्ट्यावर पट्टी ठेवून शिखरं मोजायला लावा. आमच्या मते सगळी शिकवणी या मोजण्यात आहे. प्रत्येक लाट कोणाच्या ना कोणाच्या घड्याळावर चालते, आणि ते कोणाचं हे ओळखलं की अर्धा अर्थ हाती येतो.

२४ तासांनी परत येणारी लाट सूर्याची. तापमान आणि ऑक्सिजन मुख्यतः या घड्याळावर चालतात. १२ तास २५ मिनिटांनी येणारी लाट चंद्राची, म्हणजे भरती-ओहोटीची. (काही किनाऱ्यांवर दिवसाला एकच भरती येते, तिथे अंतर २४ तास ५० मिनिटं.) आणि जी लाट कुठल्याच ठरावीक अंतराने येत नाही, ती पावसाची, वाऱ्याची किंवा धरणातून सोडलेल्या पाण्याची.

१२ तास आणि १२ तास २५ मिनिटं यांतला फरक एका लाटेत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून एकच अंतर मोजू नका. पहिल्या शिखरापासून तेराव्या शिखरापर्यंत मोजा. मध्ये बारा अंतरं आहेत. बरोबर बारा तासांची लाट असती तर १४४ तास भरले असते. भरतीची असेल तर १४९ भरतील. हा पाच तासांचा फरक आठवड्याच्या आलेखात शेवटच्या बाकावरूनही दिसतो.

आता एकच दिवस जवळून बघा. पुढचे आकडे सरावासाठी रचलेले आहेत, पण खाडीत असंच घडतं.

सकाळी ६ वाजता पूर्ण ओहोटी : पातळी ०.९ मीटर, क्षारता ५, गढूळपणा २० एनटीयू (हे गढूळपणाचं एकक).
९ वाजता : २.० मीटर, क्षारता १०, गढूळपणा ८५.
१२ वाजता जवळजवळ पूर्ण भरती : ३.१ मीटर, क्षारता १८, गढूळपणा ३०.
१ वाजता : ३.० मीटर, क्षारता १९, गढूळपणा १८.
साडेतीनला : १.९ मीटर, क्षारता १३, गढूळपणा ९५.
साडेसहाला पुन्हा ओहोटी : ०.९ मीटर, क्षारता ५, गढूळपणा २२.

यावर विचारायचा पहिला प्रश्न : सकाळी ५ असलेली क्षारता दुपारी १९ झाली, म्हणजे पाण्यात मीठ मिसळलं का? निम्मा वर्ग 'हो' म्हणेल. इथे थांबा. यंत्र खांबाला बांधलेलं आहे, पाणी नाही. सकाळी यंत्रासमोर होतं ते पाणी दुपारी तिथे नाहीच. ते वर नदीच्या दिशेने गेलं आणि त्याच्या जागी समुद्राकडचं पाणी आलं. प्रवाह सेकंदाला सरासरी अर्धा मीटर धरला, तरी सहा तास बारा मिनिटांच्या भरतीत पाणी सुमारे ११ किलोमीटर सरकतं. हा गुणाकार मुलांकडूनच करून घ्या. खाडीतल्या यंत्राची रेघ ही एकाच पाण्याची कथा नसते. खांबासमोरून निघालेल्या अकरा किलोमीटरच्या मिरवणुकीची ती नोंद असते.

दुसरा प्रश्न : १२ ते १ मध्ये पातळी उतरू लागली, मग क्षारता का वाढली? कारण पातळीचा कळस झाला म्हणजे प्रवाह थांबला असं नाही. पुष्कळ खाड्यांत पातळी उतरायला लागल्यावरही पाणी थोडा वेळ आत येतच राहतं, आणि ते थबकेपर्यंत क्षारता चढते. पातळी आणि क्षारता यांच्या शिखरांतलं हे अंतर दर खाडीला वेगळं असतं. मुलांनी ते आलेखावर मोजून लिहावं.

तिसरा, गढूळपणाचा. पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी दोन्हींना पाणी निवळ, आणि मधल्या वेळी गढूळ. तळाचा गाळ उचलतो तो प्रवाहाचा जोर, आणि तो पूर्ण भरतीत वा पूर्ण ओहोटीत नसतो, मधल्या काळात असतो. म्हणून पातळीला दिवसात दोन शिखरं असतील, तर गढूळपणाला चार. मुलांनी हे 'चार' स्वतः मोजून काढलं पाहिजे. सांगितलं तर मजा गेली.

भरती म्हणजे खारं पाणी, हे समीकरण मात्र डोक्यात घट्ट होऊ देऊ नका. न्यूयॉर्कजवळ समुद्राला मिळणाऱ्या हडसन नदीत भरती-ओहोटी ट्रॉय इथल्या धरणापर्यंत, म्हणजे सुमारे २४५ किलोमीटर आत जाणवते. तिथे पातळी दिवसातून दोनदा चढते-उतरते, पण पाणी गोडं. पातळीला लाट, क्षारतेची रेघ शून्याला टेकलेली. भरती पाणी ढकलते. मीठ त्यातलं खालचं काही अंतरच चढतं.

दोन घड्याळं एकमेकांवर पडतात तेही दाखवा. ऑक्सिजन पहाटे सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर सगळे जीव तो वापरतात आणि तयार कोणी करत नाही. ओहोटीला चिखलाच्या खाचरांतून, आडव्या ओहोळांतून कमी ऑक्सिजनचं पाणी मुख्य पात्रात उतरतं. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे ती दर पंधरवड्याला पहाटेवर येऊन पडते, आणि त्या दोनतीन दिवसांत रेघ एरवीपेक्षा खोल बुडते. मासे मेल्याची तारीख आणि हा आलेख शेजारी ठेवले तर वर्गात चांगला वाद होतो. साधारणपणे २ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली गेलेलं पाणी ऑक्सिजनअभावी धोक्याचं धरतात.

आलेखात मध्येच एखादं टोक आभाळाला भिडतं. ते घटना म्हणून शिकवायचं की यंत्राची चूक म्हणून?

शेजाऱ्याला विचारायचं. आधी बाजूची नोंद : दर १५ मिनिटांच्या नोंदींत गढूळपणा २०, २२, ९४०, २१ असा आला, तर लेन्ससमोर पान अडकलं असेल किंवा मासा थांबला असेल. खऱ्या पुराच्या टोकाला खांदे असतात, ते काही नोंदींत चढतं आणि काही नोंदींत उतरतं. मग शेजारचा पट्टा : क्षारता अचानक शून्य, त्याच क्षणी तापमान हवेइतकं आणि खोली जवळजवळ नाही, तर ओहोटीत यंत्र उघडं पडलंय. एकट्या क्षारतेकडे बघून हे कळत नाही.

सूर्य, चंद्र आणि पाऊस यांच्यासोबत एक चौथं घड्याळही आहे, ते यंत्र सांभाळणाऱ्या माणसाचं. सेन्सरवर शेवाळ आणि शिंपले बसतात, आणि रेघ दोनतीन आठवडे हळूहळू एका बाजूला कलत जाते. मग एका सकाळी, कामाच्या वेळेत, ती एका पायरीत मूळ जागी येते. निसर्ग अशी काटकोनी पायरी सहसा टाकत नाही. त्या दिवशी कोणीतरी यंत्र पुसलं किंवा बदललं. देखभालीची वही मिळाली तर तारखा जुळवून बघा. दशांशासकट तोच आकडा ओळीने दहा वेळा आला तर सेन्सर अडकलाय. आणि -९९९ म्हणजे 'नोंद नाही'. स्प्रेडशीटमध्ये तो तसाच राहिला तर आलेख वरच्या कडेला चिकटतो आणि सरासरीचा बोजवारा उडतो. तो घर रिकामं करून काढा, शून्य घालून नव्हे.

संशयित नोंदी खोडू देऊ नका. वेगळ्या रकान्यात खूण करायची, कारण लिहायचं आणि मूळ आकडा तसाच ठेवायचा.

आमची मुलं महिनाभर रोज सकाळी ८ वाजता धक्क्यावरून खाडीचं पाणी काढून क्षारता मोजत होती. आलेखात पंधरा दिवसांची सुरेख लाट दिसतेय. ही उधाण आणि भांगाची, म्हणजे पंधरवड्यात भरती मोठी आणि लहान होत जाण्याची, लाट आहे ना?

असेल, पण तुमच्या नोंदींवरून ते सिद्ध होत नाही. रोज ८ वाजता मोजताना भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं सरकत असते. आज ८ वाजता भरती असेल, तर आठवड्याने त्याच वेळेला ओहोटी, आणि साधारण पंधराव्या दिवशी पुन्हा भरती. म्हणजे दिवसातली लाट रोज एका वेगळ्या जागी कापली गेली आणि ते तुकडे जोडून पंधरा दिवसांची एक नवीनच लाट तयार झाली. पंख्याची पाती व्हिडिओत उलटी फिरताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार. पंचाईत अशी की उधाण-भांगाचा फेराही इतक्याच दिवसांचा, त्यामुळे मुदतीवरून दोघांना वेगळं काढता येत नाही.

पुढच्या महिन्यात ठरलेल्या वाजताऐवजी रोज पूर्ण भरतीच्या वेळी मोजा. वेळ भरतीच्या कोष्टकातून घ्या. रोज सकाळी जाणं शक्य नसेल तर आठवड्यातून दोन दिवस, पण त्या दिवशी भरतीला एक आणि ओहोटीला एक अशा दोन नोंदी. एका दिवसातल्या या दोन नोंदींतलाच फरक जर महिनाभराच्या लाटेइतका मोठा निघाला, तर जुनी लाट बहुतांशी मोजण्याच्या वेळेने घडवलेली होती. फक्त भरतीच्या नोंदींतही जी लाट शिल्लक राहील, ती उधाण-भांगाची म्हणता येईल. जुना आलेख फेकू नका. मुलांनी स्वतः पकडलेली इतकी चांगली चूक शिकवायला पुन्हा मिळत नाही.

सतत चालणाऱ्या यंत्राची सरासरी काढतानाही हाच धडा लागतो. १५ मिनिटांच्या ९६ नोंदी, म्हणजे २४ तास, घेतले तर भरतीचे दोन पूर्ण फेरे त्यात बसत नाहीत आणि थोडी लाट उरते. ९९ नोंदींची फिरती सरासरी घ्या. लाट जवळजवळ पुसली जाते.

नदीच्या पुराच्या आलेखात पावसाचे खांब वरून खाली लोंबताना का काढतात? आणि गढूळपणा पुराच्या आधीच कळसाला पोचतो, हे मुलांना पटत नाही.

खांब उलटे काढतात ते फक्त विसर्गाच्या (नदीतून दर सेकंदाला वाहणाऱ्या पाण्याच्या) रेघेला धडकू नयेत म्हणून. पण मुलं त्याचा अर्थ 'पाऊस कमी होत गेला' असा घेतात, तेव्हा उलट्या अक्षावर आधी बोट ठेवा. मग पावसाच्या मध्यापासून विसर्गाच्या शिखरापर्यंत किती तास गेले ते मोजा. या उशिरातून पाणलोटाचा आकार आणि उतार बोलतो.

गढूळपणाचं असं : पहिल्या पाण्यात सुटी, हाताशी असलेली माती वाहून जाते. पुढे पाणी वाढलं तरी उचलायला तितकी माती उरलेली नसते. पटवायचं असेल तर आडव्या अक्षावर विसर्ग, उभ्यावर गढूळपणा घ्या आणि ठिपके वेळेच्या क्रमाने जोडा. सरळ रेघ येणार नाही, फास येईल. घड्याळाच्या दिशेने फिरला तर माती जवळची. उलट फिरला तर बहुधा लांबच्या उपनदीची, उशिरा पोचलेली. वाहकता (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते) त्याच वेळी खाली जाते, कारण पावसाच्या पाण्यात क्षार कमी.

इथेच एक सापळा आहे. पुराआधी नायट्रेट २ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि विसर्ग सेकंदाला ५० घनमीटर. पुरात नायट्रेट १ आणि विसर्ग ४००, असे आकडे द्या. मुलं म्हणतील, प्रदूषण निम्मं झालं. गुणाकार करायला लावा. आधी सेकंदाला १०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला ८.६४ टन, पुरात सेकंदाला ४०० ग्रॅम, ३४.५६ टन. पाणी पातळ झालं, पण खाडीत पोचणारा भार चौपट.

ठिपके जोडावेत का? एकाच आलेखात डावा-उजवा असे दोन उभे अक्ष चालतील का? सामूची (पीएचची) सरासरी कशी काढावी?

महिन्यातून एकदा नमुना घेतला असेल तर नुसते ठिपके ठेवा. जोडरेघ मधल्या तीस दिवसांबद्दल खोटी खात्री देते. दोन उभे अक्ष शाळेत टाळाच. मोजपट्टी ओढूनताणून कुठल्याही दोन रेघा जुळवता येतात, आणि त्या जिथे छेदतात त्या जागेला काहीही अर्थ नसतो, तरी मुलं अर्थ शोधतात. सामूची साधी सरासरी काढू नका. ६ आणि ८ यांची सरासरी ७ वाटते, पण हायड्रोजन आयनांच्या प्रमाणावरून काढली तर सुमारे ६.३ येते. शाळेत मध्यक (चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्या आणि मोकळे व्हा.

सरावासाठी खरा डेटा कुठला घ्यावा, आणि परीक्षेत काय विचारावं?

अमेरिकेत १९७२च्या किनारी क्षेत्र व्यवस्थापन कायद्याखाली राखीव खाड्यांची एक राष्ट्रीय साखळी उभी राहिली. १९९५पासून तिथे एकाच पद्धतीने नोंदी घेतल्या जातात आणि पाण्याच्या नोंदी दर १५ मिनिटांच्या आहेत. हा डेटा कोणालाही मोफत उतरवता येतो. प्रत्येक आकड्याशेजारी खूण असते : ० म्हणजे तपासून स्वीकारलेला, १ संशयित, -२ नोंद नाही, -३ नाकारलेला. पूर्ण वर्ष एकदम छापू नका. वर्षाला ३५,०४० नोंदी होतात. २० सेंटिमीटर रुंद आलेखात दर मिलिमीटरला १७५ ठिपके येतात आणि रेघेचा जाड डाग होतो. एक आठवडा घ्या, त्यातला एक दिवस मोठा करून द्या. आणि वेळ स्थानिक आहे की जागतिक हे आधी तपासा, नाहीतर पाण्याचं तापमान मध्यरात्री कळसाला पोचलेलं दिसेल आणि मुलं त्यालाही कारण शोधून काढतील.

परीक्षेत न पाहिलेला दोन पट्ट्यांचा आलेख द्या. तीन वाक्यं दिसलेल्याची, प्रत्येकी एक गुण, पण आकडा-एकक-वेळ असेल तरच. लाट कोणाच्या घड्याळाची, हे मोजून दाखवण्याला दोन गुण. एक शक्य कारण, एक गुण. आणि ते कारण खोटं ठरवायला आणखी कोणती नोंद लागेल, याला दोन गुण. या शेवटच्या प्रश्नाला 'आणखी डेटा लागेल' एवढंच लिहिलं तर शून्य. 'त्याच दिवसाची तळाजवळची क्षारता, दर १५ मिनिटांची' असं लिहिलं तर पूर्ण गुण.